पुढच्या हंगामात येणाऱ्यास

सालमीच्या रस्त्यावर वाळूत अर्धा पुरलेला
पांढरा टायर दिसेल. तिथून उजवीकडे, अबू मिशारीचा तळ.
तू नोव्हेंबरात येशील तेव्हा मी नसेन,
म्हणून हे लिहून पिठाच्या डब्यात ठेवतोय.
मराठी नसलास, तर कुणाकडून तरी वाचून घे.

एजंट म्हणाला असेल, कुवेत म्हणजे भट्टी, सुती कपडे घे.
मलाही म्हणाला होता.
तीन सदरे आणि एक टॉवेल घेऊन उतरलो,
आणि जानेवारीत एका पहाटे
टाकीचा नळ गोठून बसला.
माणदेशात कधी बसला नव्हता.
फोनवर सांगितलं तर बायको हसली,
"वाळवंटात कसली थंडी? काम टाळताय होय?"

थंडी वरून येत नाही, हे आधी डोक्यात घे.
ती खालून येते. वाळू दिवसभर जे कमावते
ते दिवेलागणीलाच उधळून टाकते,
मग रात्रभर तुझ्या पाठीकडे उसनं मागते.
म्हणून आधी पुठ्ठे, फ्रीजच्या खोक्याचे, जाड.
त्यावर फाटका गालिचा, मग गादी.
तीन ब्लँकेटं असतील तर दोन खाली घाल.
खाटेचा मोह नको,
खाटेखाली वारा पाळलेल्या कुत्र्यासारखा येऊन बसतो.

आता निखाऱ्याचं. हे नीट वाच.
पहिल्याच आठवड्यात मी मनकल आत घेतली,
मनकल म्हणजे इथली शेगडी,
पाहुण्यांचे उरलेले निखारे, लालबुंद,
आणि तंबूचं दार कडेकोट लावून घेतलं.
इतकं सुख वाटलं
की डोकं जड झालं तेही गोड लागलं.
बाहेर तिजानी हाक मारत होता.
मला ऐकू येत होतं, पण ओ देणं फार लांब वाटलं.
शेवटी तो आत शिरला आणि पायांना धरून ओढलं मला,
अडलेलं कोकरू ओढतात तसं.
गार वाळूवर मी ओकलो.
तो सुदानी, मी धनगर. दोघांत मिळून शब्द वीस-पंचवीस.
त्यातले दोन त्यानं वापरले, आग बाहेर.
मग जरा थांबून आणखी दोन, माणूस आत.

निखाऱ्यात दगड तापव, पण ओले नकोत, फुटतात.
मोज्यात घालून पायाशी घे.
झोपताना चार खजूर खा, तुपात बुडवून.
आणि बाहेर जाऊन ये, आळसानं अडवून धरलीस
तर रात्रभर कुडकुडशील.

गुरुवारी मालकाची माणसं येतात,
जनरेटर, हीटर, लोकरीच्या अस्तराचे डगले.
एकदा जनरेटर बंद पडला.
सगळे गाड्यांत जाऊन बसले, मालकाची आई तेवढी हलेना.
तिनं माझं घोंगडं मागवलं.
चिमटीत धरून चोळलं, हुंगलं,
आणि गुडघ्यांवर घेऊन बसली, जणू तिचंच.
पहाटे किंमत विचारली.
मी नाही म्हटलं. एवढ्या पैशाला मी आयुष्यात
कधी नाही म्हटलं नव्हतं.
ती हसली, म्हणाली, बरोबर.

त्यात माझ्या चाळीस मेंढरांची शेवटची कातरण आहे.
मेंढरं व्हिसात गेली.
तर घोंगडं मी नेतोय, शोधू नकोस.
तुझं तू घेऊन ये, बॅगेत मावलं नाही तर अंगावर घे,
विमानात लोक बघतील, बघू देत.

पुठ्ठे पत्र्याच्या पेटीमागे आहेत, दगड कोळशाच्या पोत्यात.
तिजानीला चहा दे, साखर दुप्पट.
आणि रात्री त्यानं हाक मारली
तर काय म्हणतोय ते कळलं नाही तरी
ओ दे.